दोन चुली, एक कणगी : हायब्रीड मोटारगाडीचा पूर्वेतिहास

हायब्रीड हा इंग्रजी शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुळला तो ज्वारीच्या संगतीने. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित ज्वारीचे वाण प्रसृत झाले. पीक वाढले खरे, परंतु भाकरीची गोडी गेली, ही जुन्या माणसांची तक्रार कायम राहिली. आणि पुढे ज्या वस्तूत किंवा ज्या माणसात अस्सलपणा उणा भासेल त्यास 'हायब्रीड' म्हणण्याची रीतच बोलण्यात पडून गेली. आता तोच शब्द मोटारगाडीच्या पाठीवर धातूच्या अक्षरांत मिरवताना दिसतो, तेव्हा सुशिक्षित गृहस्थाच्याही मनात दोन समजुती सहज उभ्या राहतात. पहिली अशी की, ही काहीतरी अगदी अलीकडची युक्ती आहे; दुसरी अशी की, ही गाडी अर्धी पेट्रोलवर व अर्धी विजेवर चालते, म्हणजे तिला दोन ठिकाणांहून शिधा मिळतो. या दोन्ही समजुती निराधार आहेत. गाडीची कल्पना विसाव्या शतकाइतकी जुनी आहे. आणि नेहमीच्या हायब्रीड गाडीत विजेचा एक कणही बाहेरून येत नाही, जे काही येते ते पेट्रोलच्या टाकीतूनच येते. चुली दोन आहेत, कणगी मात्र एकच. मग दुसरी चूल मांडावीच कशाला, आणि ती नीट पेटावयास जवळजवळ शंभर वर्षे का लागली, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांची थोडी व्यवस्था लावून घेतली पाहिजे. इंग्रजीत जे यंत्र वस्तू फिरविते त्यास मोटर म्हणतात. मराठीने तो शब्द उचलून सबंध गाडीलाच 'मोटार' म्हणून देऊन टाकला. येथे घोटाळा नको म्हणून वाहनास गाडी किंवा मोटारगाडी, पेट्रोल जाळणाऱ्या यंत्रास एंजिन, आणि विहिरीवरील पंप फिरविते त्या जातीच्या यंत्रास विजेची मोटर असे म्हटले आहे. याच मोटरीस बाहेरून फिरविले की ती उलट वीज निर्माण करू लागते व तिचा डायनॅमो होतो, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सर्व इतिहास या एका उलटफेरावर उभा आहे.

एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा घोड्याची जागा कोण घेणार, याचा निकाल लागलेला नव्हता. वाफ, वीज आणि पेट्रोल असे तीन उमेदवार रिंगणात होते. 1900 साली अमेरिकेत ज्या 4,192 मोटारगाड्या तयार झाल्या त्यांपैकी 1,681 वाफेच्या, 1,575 विजेच्या आणि अवघ्या 936 पेट्रोलच्या होत्या. त्या वर्षी पेट्रोलवर पैज लावणारा मनुष्य धाडसीच म्हटला असता. विजेच्या गाडीची कीर्ती तर त्याच्या आधीच्या वर्षीच शिगेला पोहोचली होती. 1899 मध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्सी याने फ्रान्समध्ये विजेच्या गाडीने ताशी शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. रस्त्यावरच्या वाहनाने हा वेग गाठण्याचा तो पहिलाच प्रसंग.

विजेच्या मोटरीचा स्वभाव गाडीला फार सोयीचा. ती उभ्या स्थितीतून पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोलचे एंजिन याच्या अगदी उलट. ते आधी फिरत असल्यावाचून काडीइतकाही जोर देत नाही. म्हणून त्याला दुसऱ्या कोणीतरी फिरवून जागे करावे लागते, चाकांपासून क्लचने वेगळे ठेवावे लागते, आणि त्याच्या मर्जीचा वेग व रस्त्याचा वेग यांचा मेळ गिअर बदलून घालावा लागतो. त्यातही बरीच शक्ती मागितली तरच ते इंधनाचे नीट चीज करते. अल्प कामावर ते उधळे असते, आणि चौकात गाडी उभी असता ते फिरत राहिले तर जाळलेला प्रत्येक थेंब फुकटच जातो.

मग अशा हट्टी यंत्राचा जय कशामुळे झाला? उत्तर घरच्या वीजबिलाच्या भाषेत देता येईल. आपण ज्यास वीजेचे एक युनिट म्हणतो त्या मापाने मोजले तर एक किलो पेट्रोलात सुमारे बारा युनिटांइतकी उष्णता साठलेली असते. एक किलो वजनाच्या शिशाच्या बॅटरीत एका युनिटाचा जेमतेम तिसावा हिस्सा मावतो. एंजिनाने मिळालेल्या उष्णतेपैकी तीन चतुर्थांश वाया घालविली तरी उरलेल्या तीन युनिटांची बरोबरी करावयास नव्वद किलोंच्या आसपास बॅटरी वाहावी लागते. म्हणजे विजेकडे गुण होते, पण शिदोरी नव्हती. पेट्रोलकडे शिदोरी होती, पण गुण नव्हते. दोघांस एकत्र बसवावे ही कल्पना सुचावयास यापरते निमित्त नको.

ती सुचली व्हिएन्नामध्ये. याकोब लोनर या नावाचा कारखाना राजघराण्यांसाठी घोड्यांच्या बग्ग्या बांधीत असे. काळाची पावले ओळखून कारखान्याने विजेच्या गाड्यांकडे मोर्चा वळविला व फर्डिनांड पोर्शे या तरुण कारागिरास हाताशी धरले. पोर्शे यांचा जन्म 1875 सालचा, म्हणजे 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची गाडी मांडली गेली तेव्हा ते पंचविशीच्या आत होते. या गाडीत विजेच्या मोटरी चाकांच्या तुंब्यातच बसविलेल्या होत्या. साखळी नाही, दंतचक्र नाही, गिअर नाही. परंतु शिशाच्या बॅटरीचे ओझे जबर होते. तेव्हा पोर्शे यांनी त्याच सुमारास दुसरी गाडी रचली. तिच्यात फ्रान्सच्या द दियों-बूतों कंपनीची दोन लहान पेट्रोल एंजिने घातली. ही एंजिने चाकांस शिवत नसत. त्यांचे काम एवढेच की डायनॅमो फिरवावा, डायनॅमोने वीज करावी, आणि त्या विजेने चाकांतील मोटरी फिराव्यात. उरलेली वीज बॅटरीत जावी. या गाडीचे नाव त्यांनी 'सेम्पर व्हिवस' असे लॅटिनमध्ये ठेवले. त्याचा अर्थ सदाजीवी. बॅटरी संपली की रस्त्यात मरून पडणाऱ्या गाड्यांच्या काळात हे नाव किती साभिप्राय होते, हे सांगावयास नकोच. पुढील वर्षी याच तत्त्वावर 'मिक्स्टे' नावाची गाडी निघाली.

या रचनेत शक्ती एका ओळीत चालते: एंजिन, डायनॅमो, मोटर, चाक. तिचा गुण हा की एंजिन रस्त्यापासून मुक्त होते व आपल्या सोयीच्या वेगाने फिरू शकते. तिचा दोष मात्र प्रत्येक सावकार जाणतो. एका नाण्याचे दुसऱ्या नाण्यात आणि दुसऱ्याचे पुन्हा पहिल्यात रूपांतर करावयाचे तर दोन्ही वेळा वटणावळ द्यावी लागते. समजा, डायनॅमोने शंभरातील पंचाऐंशी भाग पुढे पोहोचविले आणि मोटरीनेही तितक्याच प्रमाणात. तर चाकापाशी बहात्तरच उरले. एंजिनाच्या निवांतपणामुळे जे वाचले त्यातील बरेचसे या वटणावळीतच जाई. शिवाय सर्व शक्ती विजेच्या वाटेनेच न्यावयाची म्हणून डायनॅमो व मोटरी दोन्ही पूर्ण आकाराच्या लागत. गाडी जड आणि महाग होई. पोर्शे यांनी मात्र ही कल्पना आयुष्यभर सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात 1943 साली कुर्स्कच्या रणांगणात उतरलेल्या त्यांच्या अजस्र रणगाडाभेदी वाहनातही पेट्रोल-विजेची हीच जोडी होती.

दुसरी वाट बेल्जियममधून निघाली. लिएज शहरी बंदुका बनविणारे पीपर नावाचे घराणे होते. त्यातील आंरी पीपर यांनी 1905 साली अमेरिकेत एका पेटंटाचा अर्ज केला व तो 1909 मध्ये मंजूर झाला. पीपर यांनी एंजिन चाकांपासून तोडले नाही. लहानसे एंजिन व विजेची मोटर दोन्ही एकाच फिरत्या दांड्यास जोडली. सपाट रस्त्यावर एंजिनाजवळ जोर शिल्लक राहील तेव्हा त्याने मोटरीस फिरवावे व बॅटरी भरून घ्यावी. चढ लागला की मोटरीने बॅटरीतील वीज घेऊन एंजिनास खांदा द्यावा. आपल्याकडे कर्जतहून खंडाळ्याचा घाट चढताना आगगाडीच्या मागे जादा एंजिने लावतात. ती ढकलणारी एंजिने गाडीलाच बांधलेली असती आणि सपाटीवर स्वतःचा कोळसा स्वतः गोळा करीत असती, तर जे झाले असते ते पीपर यांच्या योजनेत होते. येथे वटणावळ कमी, कारण बरीचशी शक्ती लोखंडाच्या सरळ वाटेनेच चाकाकडे जाते. परंतु एंजिन पुन्हा रस्त्याच्या वेगाशी जखडले जाते. त्याचे स्वातंत्र्य जाते.

या दोन घराण्यांचा भेद वाचकांनी पक्का ध्यानात घ्यावा. पोर्शे यांच्या गाडीत एंजिन स्वतंत्र पण वटणावळ भारी. पीपर यांच्या गाडीत वटणावळ हलकी पण एंजिन परतंत्र. पुढील नव्वद वर्षांचा पेच एवढाच होता की, एंजिनास स्वातंत्र्यही द्यावयाचे व वटणावळही टाळावयाची, हे एकाच घरात कसे साधावे?

पेच सुटण्यापूर्वीच स्पर्धेचा निकाल लागला. 1908 साली हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी गाडी आली. 1913 पासून ती सरकत्या जोडणीपट्ट्यावर तयार होऊ लागली व तिची किंमत उतरत गेली. विजेच्या गाडीचे एक बळ मात्र शिल्लक होते. पेट्रोलचे एंजिन हातदांड्याने फिरवून सुरू करावे लागे. दांडा उलटला तर मनगट मोडे. म्हणून शहरातील स्त्रिया, डॉक्टर व वयस्क मंडळी विजेची गाडी पसंत करीत. खुद्द फोर्ड यांच्या पत्नी क्लारा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही विजेची गाडी वापरीत. हाही आधार 1912 साली गेला. त्या वर्षीच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी रचलेला विजेचा स्टार्टर बसविण्यात आला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण यंत्रांच्या इतिहासात इतकी चपखल क्वचितच लागू पडली असेल. एका चिमुकल्या विजेच्या मोटरीने पेट्रोलच्या एंजिनाची चाकरी पत्करली, आणि त्या चाकरीनेच विजेच्या गाडीचा संसार मोडला.

या पडत्या काळात शिकागोच्या वुड्स कंपनीने 1916 साली 'ड्युअल पॉवर' नावाची गाडी विक्रीस काढली. ताशी सुमारे 24 किलोमीटरांपर्यंत ती विजेवर चाले. त्यापुढे एंजिन जोडले जाई व वेग ताशी 56 किलोमीटरांच्या घरात पोहोचे. चाकधराच्या हाताशी दोन तरफा असत, एक विजेची आणि एक पेट्रोलची. केव्हा कोणती किती सरकवावी, एंजिनास बॅटरी केव्हा भरू द्यावी, ओझे कोणावर किती टाकावे, याचा निवाडा त्या बिचाऱ्याने रस्त्यावर नजर ठेवून क्षणोक्षणी करावयाचा. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो अन्नाच्या टंचाईमुळे नव्हे. आज कोणाकडे पान मांडावयाचे हे दोन्ही घरांत कोणी ठरवीत नाही म्हणून. ड्युअल पॉवर हा असाच पाहुणा ठरला. 1918 नंतर तो बाजारातून नाहीसा झाला.

त्यानंतर अर्धशतक ही कल्पना मोटारगाडीतून उठून आगगाडीत जाऊन राहिली. डिझेल एंजिनाने डायनॅमो फिरवावा आणि त्या विजेने चाकांच्या मोटरी फिराव्यात, ही रचना जगभर रेल्वेने स्वीकारली; बॅटरीचा भाग वगळला तर ती पोर्शे यांच्याच कुळातील आहे. हजारो अश्वशक्ती चाकांकडे न्यावयाची असता क्लच व गिअर टिकत नाहीत, तेव्हा वटणावळ परवडते. आणखी एक महत्त्वाचा धडा विजेच्या आगगाड्यांनी गिरविला, व तो आपल्या सह्याद्रीच्या घाटांतही गिरविला गेला. 1929 साली जी.आय.पी. रेल्वेची विजेची गाडी पुण्यास आली. बोरघाटाचा चढ 37 फुटांस 1 फूट असा आहे. घाटासाठी आणलेली मालगाडीची एंजिने, ज्यांना रेल्वेच्या माणसांनी 'खेकडा' हे नाव दिले, उतरणीवर आपल्या मोटरींचे डायनॅमो करीत. गाडीचा वेग आवरला जाई आणि निर्माण झालेली वीज वरच्या तारेत परत जाई. चढताना जे खर्चिले त्यातील काही भाग उतरताना परत मिळविणे, हा तो धडा. मोटारगाडीला तर हा चढ-उतार सपाट गावातही पदोपदी घडतो. प्रत्येक सिग्नलपाशी ती थांबते. ब्रेक दाबताच तिचा सारा वेग ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन विरतो, आणि पुढच्या क्षणी तोच वेग नव्या पेट्रोलने विकत घ्यावा लागतो.

मोटारगाडीत ही कल्पना परतली ती अमेरिकेत, धुराच्या व टंचाईच्या दडपणाखाली. लॉस एंजेलिसवरील धुरके आणि 1970 चा स्वच्छ हवेचा कायदा यांमुळे एंजिनाच्या धुराकडे प्रथमच कठोरपणे पाहिले जाऊ लागले. 1973 च्या तेलसंकटाने इंधनाच्या किमतीची जाणीव करून दिली. टीआरडब्ल्यू या कंपनीतील बर्मन, गेल्ब आणि रिचर्डसन या तीन इंजिनिअरांना 1971 साली एका रचनेचे पेटंट मिळाले. एंजिन आणि दोन विद्युत्यंत्रे यांची सांगड ग्रहमालेसारख्या दंतचक्राने घालावी, असे तिचे तत्त्व होते. पेचाची किल्ली येथेच घडली गेली. परंतु तिने कुलूप उघडावयास आणखी पंचवीस वर्षे लागावयाची होती. त्याच दशकात व्हिक्टर वोक या इंजिनिअराने, जे कादंबरीकार हर्मन वोक यांचे बंधू, ब्यूक स्कायलार्क गाडीत फिरत्या जातीचे लहान एंजिन व विजेची मोटर बसवून सरकारी स्पर्धेत ती उतरविली. 1974 मध्ये सरकारी प्रयोगशाळेत तिची परीक्षा झाली. पुढे ती योजनाच गुंडाळली गेली. 1976 साली अमेरिकन काँग्रेसने विजेच्या व संमिश्र वाहनांच्या संशोधनाचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी तो नामंजूर केला, काँग्रेसने त्यांचा नकार डावलून तो संमत केला. इतके होऊनही गाडी काही रस्त्यावर आली नाही. तेल पुन्हा स्वस्त झाले आणि निकड ओसरली.

शेवटी कुलूप उघडले जपानमध्ये. टोयोटा कंपनीने 1993 साली येत्या शतकाची गाडी कशी असावी याचा विचार करण्यासाठी 'जी-21' नावाने एक मंडळ नेमले. पुढे ताकेशी उचियामादा हे त्याचे प्रमुख अभियंता झाले. प्रथम त्यांनी चांगल्या साध्या एंजिनाचाच विचार केला होता. परंतु वरिष्ठांची अपेक्षा दुप्पट काटकसरीची होती आणि ती साध्या सुधारणेने पुरी होणारी नव्हती. 1995 च्या तोक्यो प्रदर्शनात कल्पनाचित्र म्हणून गाडी मांडली गेली. प्रत्यक्ष नमुना तयार झाला तेव्हा तो सुमारे 49 दिवस जागचा हलला नाही. आणि हलला तेव्हा 500 मीटर जाऊन थांबला. तथापि 1997 च्या डिसेंबरात 'प्रियस' या नावाने ती गाडी जपानात विक्रीस आली. नेमक्या त्याच महिन्यात, त्याच देशातील क्योतो शहरी, पृथ्वीचे वाढते तापमान आवरण्याचा करार होत होता. जपानी सरकारी चाचणीप्रमाणे एका लिटरात ही गाडी 28 किलोमीटर जात असे.

आता या गाडीतील निवाड्याची रीत पाहू. तिच्या पोटात एक मुठीत मावेल असा न्यायाधीश बसविलेला आहे. मध्यभागी 30 दातांचे लहान चक्र, त्यास सूर्यचक्र म्हणतात. भोवती आतल्या बाजूस 78 दात असलेले मोठे कडे. या दोहोंच्या मध्ये काही लहान ग्रहचक्रे दोघांशी दात जुळवून फिरत असतात, व त्या ग्रहांना धरणारी एक चौकट असते. एंजिन चौकटीला जोडलेले आहे. सूर्यचक्राला एक विद्युत्यंत्र, जे बहुधा डायनॅमोचे काम करते. आणि कड्याला दुसरे विद्युत्यंत्र व पुढे गाडीची चाके. एंजिन चौकट फिरवू लागले की त्याचा जोर दोन वाटांनी फुटतो आणि ती वाटणी दातांनीच ठरवून ठेवलेली असते: तीस अधिक अठ्ठ्याहत्तर म्हणजे एकशे आठ, त्यातील 78 वाटे, म्हणजे शेकडा सुमारे 72, कड्याकडे आणि शेकडा 28 सूर्याकडे. ही वाटणी कोणासही बदलता येत नाही. तिच्यात वशिला चालत नाही.

मग लवचिकपणा येतो कोठून? तो वेगांतून येतो. जोराची वाटणी ठाम असली तरी तिन्ही अंगांचे वेग एका साध्या त्रैराशिकाने बांधलेले आहेत. गाडी उभी आहे, म्हणजे कडे थांबलेले आहे, आणि एंजिन मिनिटाला 1,000 फेरे घेत आहे असे धरा; तर सूर्यचक्र 3,600 फेरे घेते व त्याच्या जोडीचे यंत्र वीज करते. तेच कडे मिनिटाला सुमारे 1,385 फेऱ्यांनी फिरू लागले की, एंजिनाचा वेग तोच असूनही, सूर्यचक्र स्थिर होते. त्या क्षणी विजेच्या वाटेने काहीच जात नाही व एंजिनाची सर्व शक्ती लोखंडाच्या वाटेने चाकांस मिळते. म्हणजे सूर्याजवळच्या यंत्राचा वेग कमीजास्त केला की, गाडी कोणत्याही वेगाने धावत असो, एंजिनास त्याच्या पसंतीच्या वेगावर ठेवता येते. येथे क्लच नाही, बदलावयाचे गिअर नाहीत. एंजिनास पोर्शे यांच्या गाडीतले स्वातंत्र्य मिळाले, आणि वटणावळ फक्त विजेच्या वाटेने जाणाऱ्या हिश्श्यावर पडली, जशी ती पीपर यांच्या गाडीत पडे. नव्वद वर्षांचा पेच तो हाच, आणि त्याचे उत्तर एकशे आठ दातांत होते.

घरातील कामाची वाटणी मग सोपी होते. गाडी हळूच निघावयाची तेव्हा एंजिन झोपलेले असते. बॅटरीतील विजेने मोटर चाके फिरविते. वेग वाढला की सूर्याजवळचे यंत्र एंजिनास फिरवून जागे करते. निराळा स्टार्टर लागत नाही. मध्यम वेगावर एंजिन आपल्या सोयीच्या कामावर राहते, लागेल तितके चाकांस देते व उरलेले बॅटरीत टाकते. चढावर किंवा पुढच्या गाडीस ओलांडताना दोघेही जोर लावतात. ब्रेकवर पाय पडताच मोटरीचा डायनॅमो होतो आणि घाटातील खेकड्याप्रमाणे गेलेले काही परत मिळविले जाते. मदतीस मोटर असल्यामुळे एंजिनही काटकसरी जातीचे ठेवता आले. जेम्स अॅटकिन्सन या इंग्रज इंजिनिअराने 1880 च्या दशकात असे एंजिन रचले होते की, ज्यात वायू दाबला जातो त्याहून अधिक प्रसरण पावू दिला जातो. त्यामुळे उष्णतेचे अधिक चीज होते, पण आकाराच्या मानाने जोर कमी पडतो. प्रियसमध्ये झडपा उशिरा मिटून तोच परिणाम साधला आहे. एकट्याने संसार चालविताना जे एंजिन दुबळे ठरले असते ते जोडीने चालविताना गुणी ठरले.

परंतु दातांचे गणित 1971 सालीच पेटंटात होते. मग पुढची पंचवीस वर्षे कशासाठी गेली? कारण न्यायाधीशाला कारकून लागतो. क्षणाक्षणाला चाकांची मागणी, एंजिनाची स्थिती व बॅटरीची शिल्लक मोजावयाची, आणि त्या हिशेबाबरहुकूम शेकडो व्होल्टांचा प्रवाह अचूक वळवावयाचा, हे काम मानवी हातांच्या आवाक्याबाहेरचे आहे. वुड्सच्या गाडीतील दोन तरफा मनुष्याने ओढावयाच्या होत्या. प्रियसमध्ये ते काम संगणक आणि सेमीकंडक्टराचे शीघ्र स्विच करतात. बॅटरीही शिशाची न राहता निकेल-मेटल-हायड्राइड जातीची झाली. पोर्शे आणि पीपर यांची बुद्धी उणी नव्हती. त्यांच्या काळाजवळ हिशेबनीस नव्हता.

ही दोन्ही घराणी अद्याप नांदत आहेत आणि आपल्या रस्त्यांवरही त्यांचे वंशज भेटतात. 2015 साली मारुतीच्या सियाझ गाडीत स्टार्टर व डायनॅमो यांच्या जागी एकच लहान यंत्र बसवून एंजिनास किंचित हातभार देण्यात आला. ती पीपर यांची दूरची पणती म्हणावी लागेल, परंतु ती निव्वळ विजेवर चालू शकत नसे. 2022 साली आलेली होंडा सिटीची संमिश्र गाडी शहरात बहुतांशी पोर्शे यांच्या रीतीने चालते व मोठ्या रस्त्यावर एंजिन सरळ चाकांस जोडते. त्याच वर्षी आलेल्या टोयोटा हायरायडर व मारुती ग्रँड व्हिटारा यांच्या संमिश्र प्रकारांत ग्रहचक्राचा न्यायाधीश आहे. तिघींवर शब्द एकच; आतील संसार मात्र निराळे. गाडी घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने पाटीवरील अक्षरांपेक्षा एक प्रश्न विचारावा: ही गाडी एंजिन बंद ठेवून चालते काय, आणि ब्रेक मारताना कितपत वीज परत घेते?

आता अखेरचा हिशेब. दुसऱ्या चुलीने उत्पन्नात एका दाण्याचीही भर घातली नाही. तिने उधळपट्टी थांबविली. चौकात उभे राहून जळणारे, ब्रेकच्या पट्ट्यांत विरणारे, अल्प कामावर नासणारे पेट्रोल तिने वाचविले. म्हणूनच ही गाडी गर्दीच्या शहरात फार फायद्याची आणि मोकळ्या सपाट महामार्गावर बेताच्याच फायद्याची. जेथे उधळपट्टी थोडी तेथे काटकसरीला वाव थोडा. 2008 साली चीनमधील बीवायडी कंपनीने आणि 2010 साली अमेरिकेत शेव्हरोलेने घरच्या प्लगावर भरता येणाऱ्या संमिश्र गाड्या विक्रीस आणल्या, तेव्हा कोठे दुसरी कणगी घरात आली. निव्वळ विजेच्या गाड्या तर आता पुन्हा जोमाने रस्त्यावर उतरल्या आहेत, आणि संमिश्र गाडी ही दोन युगांमधील धर्मशाळा आहे असे पुष्कळांचे मत आहे. ते खरेही ठरेल. तथापि धर्मशाळेचे पुण्य कमी लेखू नये. 2017 च्या आरंभापर्यंत एकट्या टोयोटानेच एक कोटींहून अधिक संमिश्र गाड्या विकल्या होत्या. त्या प्रत्येकीत जी मोटर, जी बॅटरी व जो हिशेबनीस होता, त्यांच्यावरच पुढील विजेच्या गाडीची कारागिरी हात बसवून घेत होती.

शोधांच्या इतिहासात आपण नेहमी पहिला कोण हे विचारतो, आणि उत्तर मिळाले की पुस्तक मिटतो. येथे पहिले पोर्शे, असे म्हणून भागत नाही. त्यांची सदाजीवी गाडी कधीच नाहीशी झाली होती. त्यांच्या नावाच्या कंपनीने 2011 साली तिची प्रतिकृती नव्याने घडवून जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली. जिवंत राहिली ती गाडी नव्हे, तिच्यातील अडचण. आणि लिएजचा बंदुकवाला, शिकागोचा कारखाना, बोरघाटातील खेकडा, पेटंट घेऊन बसलेले तीन इंजिनिअर व 49 दिवस न हललेल्या नमुन्याभोवती बसलेली माणसे यांनी ती एकमेकांच्या हाती दिली. दोन यंत्रे एका जुवाला बांधणे 1900 साली साधले होते. एकाने किती ओढावे व दुसऱ्याने केव्हा थांबावे, हे ठरविणे मात्र सत्त्याण्णव वर्षांचे काम होते.